चहा गार होतो, पण का?

कॅन्टीनमध्ये कटिंग समोर ठेवून तुम्ही रील बघत बसलात, की पाच-सात मिनिटांत काय होतं हे मी सांगायला नको. चहा गार, वर साय. मग आपण तो एका घोटात संपवतो, नाहीतर काकांना ‘जरा गरम करून द्या ना’ म्हणतो आणि काकांची ती नजर झेलतो. यात ‘का?’ विचारण्यासारखं काही असेल, असं मला गेल्या महिन्यापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की एका कॉलेजमध्ये ‘क्वांटम आणि करिअर’ अशा नावाचा कार्यक्रम होता आणि कव्हर करायला मला पाठवलं. मी मास कॉमची. फिजिक्सशी शेवटची भेट बारावीला झाली होती आणि ती फार प्रेमाची नव्हती. पण इंटर्नला नाही म्हणायची सोय नसते. भाषण झालं, टाळ्या झाल्या, मग प्रश्नोत्तरं. पॅकेज किती मिळतं? कोडिंग लागतं का? कुठला कोर्स करू? आणि मग तिसऱ्या रांगेतली एस.वाय.बी.एस्सी.ची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘सर, आम्हाला शिकवतात की कुठलाही वायू थोडा वेळ तसाच सोडला की तो समतोलाला येतो. पण प्रत्येक वायू येतोच का? कधीच न येणारा एखादा असू शकतो का?’

सर हसले. ‘अगं, ते गृहीत धरायचं असतं. परीक्षेत कोण विचारणार आहे?’

हॉल हसला. मीही हसले. ऑफिसला येऊन तीनशे शब्दांची बातमी दिली, त्यात पॅकेजचा प्रश्न होता, तिचा नव्हता. दोन दिवसांनी सहज म्हणून शोधायला बसले, तेव्हा कळलं की तिच्या प्रश्नाचं एक उत्तर २००६ साली ‘नेचर’मध्ये छापून आलंय आणि जगभरातल्या कितीतरी प्रयोगशाळा आजही त्याच प्रश्नामागे लागल्या आहेत. म्हणून हा लेख. याला तुम्ही शुद्धिपत्रक म्हणालात तरी चालेल.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्याच्या एका टोकाला कुणी डिओ मारला, की थोड्याच वेळात दुसऱ्या टोकालाही कळतं. वास सगळीकडे सारखा पसरला की तो कुठल्या सीटवरून सुटला, हे नाक लावून सांगता येत नाही. डब्यातली हवा ती गोष्ट जणू विसरून गेलेली असते. फिजिक्सवाले समतोल म्हणतात तो हाच. पूर्वी काय झालं त्याचा मागमूस राहत नाही. तापमान, दाब अशा दोन-चार आकड्यांत सगळी हकिकत मावते. चहाचंही तेच. गार झालेला कप बघून तो मुळात किती कडक गरम होता, हे कोण सांगणार?

आता गोची इथे आहे. अणूंचं जग ज्या क्वांटम नियमांनी चालतं, त्यांत विसरण्याची सोयच नाही. बाहेरच्या जगाशी काही संबंध नसलेली एखादी व्यवस्था घेतली, तर त्या नियमांनुसार तिच्यातली सुरुवातीची माहिती कधीच पुसली जात नाही. तत्त्वतः सगळी गोष्ट उलट दिशेनेही चालवता आली पाहिजे. मग हे विसरणं येतं कुठून? जॉन फॉन नॉयमन यांनी १९२९ मध्येच हा प्रश्न हाताळला होता. पुढे १९९० च्या दशकात जोश डॉइच आणि मार्क स्रेडनिकी यांनी एक उत्तर मांडलं. ते साधारण असं: व्यवस्था मोठी असली की तिचा प्रत्येक छोटा तुकडा उरलेल्या सगळ्या तुकड्यांना ‘बाहेरचं जग’ समजून वागतो. माहिती पुसली जात नाही, ती सगळ्यांमध्ये इतकी वाटली जाते की एका तुकड्याकडे बघून हाती काही लागत नाही. कॉलेजमधल्या अफवेसारखंच की. दोन दिवसांनी ती सगळ्यांकडे असते आणि कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता येत नाही.

कागदावर हे छान आहे. तपासायचं कसं? साधा वायू भांड्यात ठेवला की तो भांड्याच्या भिंतींशी उष्णतेची देवघेव करत बसतो, म्हणजे एकटा राहतच नाही. घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनकडे बघावं, तर तिथे सगळं इतक्या झटपट उरकतं की डोळा लागायच्या आत खेळ खल्लास. कुणाला न शिवणारा आणि आपल्याला बघता येईल इतक्या निवांतपणे हलणारा वायू हवा होता.

तो मिळाला लेझरमुळे. काचेच्या किंवा स्टीलच्या निर्वात कप्प्यात थोडे अणू सोडायचे. समोरून येणाऱ्या प्रकाशाचे धक्के देत देत त्यांचा वेग कमी करायचा. वेग कमी म्हणजेच तापमान कमी. या युक्तीला १९९७ चं नोबेल मिळालं. मग त्यांना चुंबकीय क्षेत्राच्या किंवा प्रकाशाच्याच वाटीत धरून ठेवायचं, म्हणजे भिंतीला हात लागायला नको. एवढ्यानेही ते पुरेसे गार होत नाहीत. पुढची पायरी मला फार आवडली, कारण ती आपल्या आजोबांना माहीत होती. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर मारली की जास्त गरम रेणू वाफेबरोबर निघून जातात आणि उरलेला चहा गार होतो. इथेही तसंच. वाटीचा काठ हळूहळू खाली करायचा, जास्त उसळणारे अणू उडून जातात, उरलेले आपापसांत टकरा घेऊन आधीपेक्षा गार होऊन बसतात.

५ जून १९९५ रोजी अमेरिकेतल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे अणू असे गार केले. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी. तिथे अणू वेगवेगळे वागणं सोडतात आणि सगळे मिळून एकच लाट असल्यासारखे वागायला लागतात. याचं नाव बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट. त्यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस. ते ढाक्याच्या विद्यापीठात शिकवत होते. १९२४ मध्ये त्यांनी आपला निबंध आइनस्टाइनना पाठवला, आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला आणि पुढे त्यातूनच या अवस्थेचं भाकीत केलं. भाकीत आणि प्रयोग यांच्यामध्ये सत्तर वर्षं गेली. ‘याचा उपयोग काय?’ असं त्या सत्तर वर्षांत किती जणांनी विचारलं असेल, याचा मी विचार करत होते.

आता तिसऱ्या रांगेतल्या प्रश्नाकडे येऊ. सिनेमात बॉसच्या टेबलावर एक खेळणं असतं बघा. पाच स्टीलचे गोळे दोऱ्यांना टांगलेले, एका टोकाचा सोडला की टक्, दुसऱ्या टोकाचा उडतो. त्याला न्यूटनचा पाळणा म्हणतात. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तोशिया किनोशिता, ट्रेव्हर वेंगर आणि डेव्हिड वाइस या तिघांनी हाच पाळणा अणूंचा केला. लेझरचे किरण एकमेकांवर आडवे-उभे टाकून त्यांनी प्रकाशाच्या हजारो बारीक नळ्या तयार केल्या, पुड्यातल्या उदबत्त्यांसारख्या एकमेकींना समांतर. प्रत्येक नळीत ४० ते २५० रुबिडियमचे अणू. नळी इतकी अरुंद की अणूंना फक्त पुढे-मागे जाता येतं, बाजूला सरायला जागाच नाही. मग लेझरचा एक झटका दिला. प्रत्येक नळीत अणूंचे दोन गट झाले, एक इकडे धावला, एक तिकडे. टोकाला जाऊन वळले, मध्यावर येऊन एकमेकांना भिडले, पुन्हा टोकाला. पुन्हा, पुन्हा.

सर्वसाधारण अपेक्षा काय? काही टकरांनंतर सगळ्यांचे वेग मिसळून जातील आणि मध्ये एक ओळख न येणारा पुंजका उरेल. नळ्यांऐवजी अणूंना तिन्ही दिशा मोकळ्या ठेवल्या, तेव्हा अगदी तसंच झालं, तेही थोडक्याच टकरांत. नळ्यांमध्ये मात्र अणू हजारो वेळा एकमेकांवर आपटले आणि तरीही दोन्ही गट ओळखू येत होते. वायू समतोलाला आला नाही. आपल्याला सुरुवातीला कसा झटका बसला होता, हे तो विसरायलाच तयार नव्हता.

का, याचा अंदाज गोट्या खेळलेल्या कुणालाही येईल. सारख्या वजनाच्या दोन गोट्या एका रेषेत समोरासमोर आपटल्या की त्या फक्त वेगांची अदलाबदल करतात. धावणाऱ्या दोन मुलांनी टी-शर्ट बदलले, इतकाच फरक. वेगांची एकूण यादी जशीच्या तशी राहते. कॅरमच्या ब्रेकला सोंगट्या चारी दिशांना फुटतात, कारण तिथे तिरकं जायला जागा असते. हे झालं सोपं रूप. खरं गणित अवघड आहे, कारण नळीतले अणू एकाच वेळी अनेकांशी झटत असतात. पण एलियट लीब आणि वेर्नर लिनिगर यांनी १९६३ मध्ये अशा एका रेषेतल्या अणूंचं गणित तंतोतंत सोडवून ठेवलं होतं. कितीही गुंतागुंतीची टक्कर असली, तरी ती दोघादोघांच्या टकरांमध्ये सुटी करता येते, असं त्या व्यवस्थेचं वैशिष्ट्य. कागदावरचं ते शुद्ध गणित प्रयोगशाळेत खरंच दिसायला त्रेचाळीस वर्षं लागली.

मग पुढचा प्रश्न आपसूक येतो. हा न विसरणारा वायू थोडा बिघडवला तर? २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या बेन्जामिन लेव्ह यांच्या गटाने रुबिडियमऐवजी डिस्प्रोसियम वापरलं. हा धातू जबरदस्त चुंबकीय आहे, त्याचे अणू एकमेकांना लांबूनही ओढतात, ढकलतात. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा फिरवून ही ओढाताण कमी-जास्त करता येते. ती वाढवली तसा पाळणा विसरायला लागला. विस्मरणाला रेग्युलेटर बसवल्यासारखं झालं हे.

दुसरीकडे म्युनिकमध्ये इमॅन्युएल ब्लॉख यांच्या गटाने २०१५ मध्ये वेगळीच गंमत केली. लॉकडाउननंतर थिएटरं उघडली तेव्हा एक सीट सोडून बसायला लावायचे, आठवतं? त्यांनी पोटॅशियमचे अणू प्रकाशाच्या खाचांमध्ये असेच एकाआड एक बसवले. खाचा सारख्या असल्या की थोड्याच वेळात अणू कसेही पसरतात आणि एकाआड एक रचना मोडते. पण खाचांची खोली मुद्दाम अनियमित केली, तर ती रचना पूर्ण पुसली जाईना. बराच वेळ गेला तरी ‘आपण असे बसलो होतो’ याची खूण शिल्लक. ही स्मरणशक्ती कायम टिकते की फक्त खूप लांबते, यावर तज्ज्ञांमध्ये आजही जोरदार वाद आहेत. मला तर तो वादच जास्त आवडला. पुस्तकात आपल्याला नेहमी भांडण मिटल्यानंतरचं फिजिक्स मिळतं.

हे सगळं परदेशातच चालतं, असं वाटत असेल तर पुण्यात पाषाणला या. आयसरमध्ये थंड अणूंची प्रयोगशाळा आहे. तिथे अणूंना प्रकाशाच्या चमकांनी ठरावीक अंतराने लाथा मारण्याचा प्रयोग केला गेला. नेहमीच्या हिशेबाने लाथा खाणारा अणू ऊर्जा घेतच राहायला हवा. क्वांटम अणू थोडी घेतो आणि मग थांबतो, पुढच्या लाथांचा त्याच्यावर परिणामच होत नाही. पुण्याच्या गटाने त्यात एक खोड काढली. लाथांमध्ये असा गोंगाट मिसळला की ज्याच्या दोन घटनांमधलं अंतर कधी छोटं, कधी खूपच मोठं. अशा गोंगाटात अणूंमधला क्वांटम ताळमेळ मोडतो खरा, पण नेहमीच्या भराभर घसरणाऱ्या नियमाने मोडत नाही, वेगळ्या आणि संथ चालीने मोडतो. २०१७ मध्ये हे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आलं. आपण ज्या रस्त्याने चांदणी चौकात ट्रॅफिकला शिव्या घालत जातो, तिथून थोड्याच अंतरावर.

आता मला जे म्हणायचंय ते. देशात सध्या क्वांटमला चांगले दिवस आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंत चालणारं. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक, दोन हजार किलोमीटरवर सुरक्षित संदेश, अचूक अणुघड्याळं अशी उद्दिष्टं आहेत. सेन्सिंगचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. हे व्हायलाच हवं, यात मला शंका नाही. पण त्या यादीकडे बघा. प्रत्येक ओळीत काय बनवायचं हे आधीच लिहिलेलं आहे. ‘वायू समतोलाला येतोच का?’ ही ओळ अशा यादीत कुठे बसवणार? २००६ च्या त्या पाळण्याच्या शेवटी हातात देण्यासारखी वस्तू कुठली होती?

आणि गंमत म्हणजे क्वांटम संगणकाचं मुख्य दुखणं याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. क्युबिटमध्ये ठेवलेली माहिती आजूबाजूच्या गोंधळात पसरून जाते, हरवते. म्हणजे संगणकही विसरतोच. कशामुळे विसरतो, कुठल्या व्यवस्था विसरत नाहीत, हे ज्यांनी निव्वळ कुतूहलाने शोधलं, त्यांच्या कामाशिवाय वरची उद्दिष्टं गाठणं कठीण आहे. ‘उपयोग’ हा शब्द मला आवडत नाही, पण ज्यांना आवडतो त्यांनी हा हिशेब तरी करावा.

पैशाचं एक राहिलंच. माझ्या एका मैत्रिणीचा दादा फिजिक्समध्ये पीएचडी करतोय. कुठे, ते सांगत नाही. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांची ३७ हजार झाली, तेव्हा घरात पेढे वाटले. मग ती वेळेवर येईना. मध्ये चार महिने त्याने मैत्रिणीच्या पहिल्या पगारातून खोलीभाडं भरलं. दिवाळीत मावशी म्हणाल्या, ‘क्वांटम म्हणजे आता खूप स्कोप आहे ना रे?’ तो फक्त हसला. मिशनचे आकडे मोठे असतात, ते आपण मथळ्यात छापतो. दर महिन्याला खात्यात न आलेले ३७ हजार कुणी छापत नाही. लेझर सरळ रेषेत आणायला रात्रभर अंधाऱ्या खोलीत बसणारा माणूस हाच असतो, हे मात्र विसरू नका.

आणि छापण्याबद्दल बोलतेच आहे, तर आणखी एक गोष्ट. व्यवस्था विसरते की नाही, हे संगणकावर तपासण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५० च्या दशकात अमेरिकेत लॉस अलामॉसला झाला होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी स्प्रिंगने जोडलेल्या वजनांची एक साखळी संगणकावर हलवून पाहिली. ऊर्जा सगळीकडे वाटली जाईल, असं त्यांना वाटलं होतं. ती फिरून जवळजवळ मूळ जागी परत आली. १९५५ च्या अहवालावर तिघांची नावं होती. पण मॅनियॅक नावाच्या त्या संगणकासाठी प्रोग्राम लिहिला होता मेरी त्सिंगू यांनी. त्यांचे आतल्या पानावर आभार मानले होते. पुढची पन्नासेक वर्षं हा प्रश्न तीन पुरुषांच्याच नावाने ओळखला गेला. आता कुठे त्यात चौथं नाव जोडायला लागलेत. बायलाइन न मिळणं म्हणजे काय, हे इंटर्नला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लेख वाचून आमच्या डेस्कवरचे एक सर म्हणाले, ‘शेवटी तरुणांनी या अणूंकडून काय शिकावं, ते टाक.’ ते मी टाकणार नाही. अणूंना शिकवण्याचा धंदा नाही.

त्यापेक्षा कामाचं सांगते. तुम्ही बी.एस्सी.ला असाल आणि असले प्रश्न डोक्यात येत असतील, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एनआययूएस’ नावाचा उपक्रम चालतो, त्याची माहिती काढा. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची उन्हाळी फेलोशिप असते, त्यात दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करता येतं. आणि तुम्ही माझ्यासारखे माईक घेऊन मागे उभे राहणारे असाल, तर हॉल हसतो तेव्हा पेन बंद करू नका.

तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणी, तू हे वाचत असशील तर तुझा प्रश्न इथे पूर्ण छापतेय: प्रत्येक वायू समतोलाला येतोच का? उत्तर आहे, नाही. नाव मात्र घालता येत नाही. मी त्या दिवशी ते विचारलंच नव्हतं.